एकवीस अंशांचं पाणी

ज्या साली सरकारने रविवारी मोटारी चालवायला बंदी घातली आणि लोक हमरस्त्यावरून मुलाबाळांसकट पायी फिरायला निघाले, ते १९७३ साल. बाकीच्या जगाला ते तेलटंचाईसाठी आठवतं. म्युनिकच्या उत्तरेला डोंगरात वसलेल्या स्टाइनरॉइट गावातली जुनी माणसं मात्र त्याला 'ओटमारच्या पाण्याचं साल' म्हणतात, आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात. ओटमारला ते हसू कधीच आवडलं नाही.

ओटमार प्रेल नगरपालिकेत पाणी खात्याचा कारकून होता. खातं म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि तीन शिक्के. दुसरी खुर्ची येणाऱ्यासाठी होती, पण तिच्यावर फायली असायच्या, त्यामुळे येणारा उभाच राहायचा. चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावणारा, टोक केलेल्या पेन्सिली टोक वर करून ठेवणारा असा हा नीटस गृहस्थ राहायला होता सासरी. बायको बुर्गल एकुलती एक, म्हणून लग्नानंतर तोच तिच्याकडे आला. त्या घराला 'जीनगरांचं घर' म्हणत. खोगीर शिवणारा शेवटचा माणूस तिथून जाऊन सत्तर वर्षं झाली होती, तरी नाव तेच. पंधरा वर्षं राहून, दोन मुली होऊनही गावात ओटमारची ओळख 'जीनगरांकडचा जावई' हीच होती.

गावात अशी अठरा घरं होती, ज्यांना सामाईक भट्टीत बिअर करायचा पिढीजात हक्क होता. आपली पाळी आली की भट्टीत माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, रस उकळायचा, तो घरच्या तळघरात नेऊन आंबवायचा, आणि बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांचा लाकडी तारा टांगायचा. तारा दिसला की गाव आत. बैठकीच्या खोलीत बाकं टाकलेली असत, यजमानीण पाव आणि सॉसेजची पानं फिरवत असे, आणि पंधरा दिवस ते घर त्या घराचं राहत नसे. एवढ्या त्रासाचा लोकांना केवढा अभिमान होता हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

पण भट्टीच्या वहीत पहिल्याच पानावर नियम होता. सलग तीन वर्षं ज्या घराने पाळी वापरली नाही, त्याचा हक्क कायमचा संपला. असा एक हक्क पूर्वी गेला होता. त्या घरात पुढे चपलांचं दुकान निघालं, आणि तिथून जाताना बायका अजून आवाज खाली आणत, जणू आत कुणी आजारी आहे.

जीनगरांच्या घराने १९७१ मध्ये बिअर केली नव्हती. १९७२ मध्येही नाही. १९७३ ची शेवटची पाळी होती सोळा नोव्हेंबरला, शुक्रवारी.

अडून बसले होते सासरे, गालुसबाबा. हक्क त्यांच्या नावावर, वहीत सही त्यांचीच लागायची. वय एकोणऐंशी, कान शाबूत, हट्ट त्याहून शाबूत. डोंगरावरच्या देवदारांखाली गावाचा झरा होता. त्यावर दगडी खोपटं होतं, आणि त्या खोपट्याची किल्ली एकतीस वर्षं गालुसबाबांच्या कमरेला होती. पाणी असं मऊ, की केस धुतले तर साबण जाता जाईना. त्या पाण्यावर गावाची बिअर चालत होती. मग १९७१ साली पलीकडच्या चुनखडीच्या डोंगरातून नवी नळयोजना आली. पाणी भरपूर, स्वच्छ, क्लोरीन घातलेलं, आणि एकवीस अंश कडक; कडक म्हणजे गरम नव्हे, जड, साबणाला फेस न येऊ देणारं. किटल्यांना आतून पांढरं कवच धरू लागलं. झरा बंद झाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण झऱ्याच्या राखणदाराला नगरपालिकेचं पत्र गेलं, 'आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही'. खाली सही, पाणी खात्याची, म्हणजे ओटमारची. आणि नियम असा की असलं पत्र रजिस्टर पोस्टानेच जायला हवं. ओटमारने नियम पाळला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी पोस्टमन आला, गालुसबाबांनी चष्मा लावून पोच दिली, पाकीट फोडलं, वाचलं, आणि समोर बसून अंड्याचं टरफल फोडणाऱ्या जावयाकडे बराच वेळ बघत राहिले.

"काय आलंय बाबा?" बुर्गलने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "ऑफिसातून आहे."

त्या दिवसापासून नळाच्या पाण्याला ते 'पोहण्याच्या तलावातलं पाणी' म्हणू लागले. "त्या पाण्याची बिअर माझ्या तळघरात येणार नाही. हक्क गेला तर गेला."

ऑगस्टमध्ये एका दुपारी बुर्गल बटाटे सोलता सोलता म्हणाली, "ओटमार, नोव्हेंबरनंतर आपल्या दारावरच्या खिळ्याला काय टांगायचं? तुझी टोपी?"

ओटमारने त्याच क्षणी ठरवलं, की झऱ्याचं पाणी कायदेशीर मार्गाने भट्टीत आणायचं. कायदेशीर हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दुसऱ्या कुणीही चार डबे ट्रॅक्टरवर घालून पाणी आणलं असतं आणि गावाने दुसरीकडे पाहिलं असतं. पण झरा बंद केल्याच्या कागदावर ज्याची सही, त्यानेच तिथून चोरून पाणी आणायचं?

बंद जलस्रोत वापरायचा तर पाणी खात्याकडे अर्ज करावा लागे. ओटमारने घरी बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, सकाळी नगरपालिकेच्या पेटीत टाकला, नऊ वाजता पेटी उघडली, अर्ज काढला, त्यावर 'आवक'चा शिक्का मारला आणि वाचायला घेतला. तिसरं सहपत्र, म्हणजे जागेचा नकाशा, जोडलेला नव्हता. त्याने अर्जदाराला त्रुटीचं पत्र पाठवलं. दुसरं कुणी असतं तर त्याने एखादवेळी समजून घेतलं असतं, पण ओटमारला ओटमारकडून सवलत नको होती.

नगराध्यक्षांना हे कळलं तेव्हा ते खुर्ची मागे सारून म्हणाले, "अरे, सही करून टाक ना!"

"कुणाच्या अर्जावर?"

"तुझ्याच!"

"म्हणून तर करता येत नाही."

नकाशा जोडून अर्ज पुन्हा आला. आता जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. तिथले डॉक्टर फाइट फोनवर अतिशय सभ्यपणे बोलले. नमुना पाणी खात्याच्या माणसाने घ्यायला हवा. परंतु इथे पाणी खात्याचा माणूस आणि अर्जदार एकच. तेव्हा एक त्रयस्थ साक्षीदार हवा, आणि नमुना घ्यायची तारीख दोन दिवस आधी सूचनाफलकावर लावायला हवी.

साक्षीदार म्हणून शेजारची आफ्रा आली. आफ्रा विधवा, शिवणकाम करायची, आणि गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून नव्हे, तर आधीपासून माहीत असल्यामुळे सांगायची. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली पोस्टात अडकली होती. तारीख मात्र फलकावर लागलेली.

"बाटलीच हवी ना? माझ्याकडे आहे," आफ्रा म्हणाली. "उकळून देते. तुझ्या त्या डॉक्टरच्या बाटलीपेक्षा स्वच्छ."

दहा दिवसांनी अहवाल आला. 'नमुन्यात मद्यार्क व आलुबुखाराचा अंश आढळला. नमुना बाद. झऱ्याचे नेमके ठिकाण कळवल्यास आभारी राहू, कार्यालयातील अनेकांना त्यात रस आहे.'

हा अहवाल गुप्त होता. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. त्या आठवड्यात तारा खाटकाच्या दारावर होता. ओटमार आत शिरला तसं एक बाक सबंध उठून उभं राहिलं.

"या, या! आलुबुखाराच्या झऱ्याचे मालक!"

"ओटमार, थोडं पाणी आणलंस का? मला सर्दी झालीय."

"गंमत बघा, पाणी खात्यालाच पाणी मिळेना!"

ओटमारने टोपी खुंटीला लावली, बसला आणि आपला ग्लास मागवला. पळून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग सुरू झाले सल्ले. खाटीक म्हणाला, नळाच्या पाण्यात तापवून लाल केलेला दगड टाक. शाळामास्तरांच्या मते ते आधी गोठवून मग वितळवायला हवं होतं. सुतार म्हणाला की त्याच्या आजोबांनी एकदा पाण्यात ओकचा ओंडका आठ दिवस ठेवला होता. "मग?" सगळ्यांनी विचारलं. "मग काय? ओंडका भिजला."

पंचवीस सप्टेंबरला दुसरा नमुना. या वेळी बाटली प्रयोगशाळेची, बूच लाख लावून बंद. ओटमार वाकून खोपट्यात शिरला, दगडी कुंडात पळी बुडवली, बाटली भरली. आत जरा उजेड जास्त वाटला. शरद ऋतूतल्या उन्हाचा गुण, असं समजून त्याला बरं वाटलं. आफ्रा दाराशी उभी राहून त्याच्याकडे काहीतरी अपेक्षेने बघत होती.

"काय?" त्याने विचारलं.

"काही नाही," आफ्रा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

अहवाल आला, कडकपणा चौदा अंश. ओटमारने तो तीनदा वाचला. जुन्या नोंदीत त्याच झऱ्याला दोन अंश होते! बुर्गलने खांद्यावरून वाकून आकडा पाहिला, ओठ आवळले, आणि म्हणाली, "पुन्हा घे. या वेळी चांगला येईल. बघते मी."

'बघते मी' या दोन शब्दांकडे त्याने लक्ष दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नवऱ्यांचे कान काही शब्दांना पंधरा वर्षांत सरावतात.

बारा ऑक्टोबरला तिसरा नमुना, सत्तावीस अंश. तीस ऑक्टोबरला चौथा, एक्केचाळीस. त्याखाली डॉक्टर फाइट यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'पाणी हाताला साबणासारखे निसरडे लागते. आपल्या झऱ्यात गवंडीकाम चालू आहे काय?'

गाव आता चेष्टा करेनासं झालं, आणि ओटमारला ते चेष्टेपेक्षा जड गेलं. डोंगर नाराज आहे, असं काही म्हाताऱ्या बोलू लागल्या. गालुसबाबांना अहवाल कुणी दाखवत नव्हतं, पण ते रोज जेवताना विचारायचे, "काय म्हणतो झरा?" आणि ओटमार म्हणायचा, "तपासणी चालू आहे." ओटमार चमचा खाली ठेवेपर्यंत म्हातारा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा.

पाचव्या नमुन्याची तारीख होती बारा नोव्हेंबर, सोमवार. डॉक्टर फाइट यांनी या खेपेला तीन दिवसांत निकाल द्यायचं कबूल केलं होतं. दहा तारखेला, शनिवारी सकाळी, ओटमारने जाड बूट चढवले आणि कुणाला न सांगता डोंगर चढला. त्याने खोपट्याच्या वरची जमीन तपासायची ठरवलं होतं. कुठे कुणी खत टाकलं असेल, जनावर मेलं असेल, काहीतरी असेलच. चार अहवालांनी हरणारा माणूस तो नव्हता.

खोपट्याचं दार उघडं होतं. आतून गाणं ऐकू येत होतं. ओटमार वाकून आत डोकावला.

बुर्गल रबरी बूट घालून कुंडाच्या काठावर उभी होती. डोक्याला फडकं, हातात रुंद कुंचला, पायाशी चुन्याची बादली. पलीकडे आफ्रा गुडघ्यांवर बसून दगड घासत होती. भिंती, छत, कोनाडा, कुंडाच्या कडा, सगळं इस्त्री केलेल्या चादरीसारखं पांढरंफटक. छतावरून टपटप पांढरे थेंब कुंडात पडत होते. तेवढ्यात आफ्राने बादलीतला उरलेला चुना विसळून, वाया कशाला घालवायचा म्हणून, कुंडाच्या कडेवर ओतला.

"हे... हे काय आहे?" ओटमारने विचारलं.

"आली वाटतं तुझ्या डोळ्यांत दृष्टी!" बुर्गल म्हणाली. "चौथ्यांदा लावतेय. एकदा तरी 'वा' म्हणालास?"

"चौथ्यांदा?"

"मग? तू फलकावर तारीख लावतोस, जिल्ह्याचे लोक तपासणार, आणि आत ही जळमटं! बाबांनी दोन वर्षांत इकडे पाऊल टाकलं नाही. आकडा खराब आला म्हणून आम्ही दर वेळी आणखी जाड हात दिला. मागच्या खेपेला तर कुंड आतूनसुद्धा रंगवलं."

"आतून," ओटमार म्हणाला.

"दोन हात," आफ्राने अभिमानाने सांगितलं.

ओटमार कुंडाच्या कडेवर बसला. पँटला चुना लागला, तरी उठला नाही. "बुर्गल," तो शेवटी म्हणाला, "कडकपणा म्हणजे घाण नाही गं. कडकपणा म्हणजे चुना."

थेंब तेवढे टपटपत होते. मग बुर्गलने कुंचला बादलीत ठेवला.

"हे तुझ्या सूचनेत लिहायचं होतंस," ती म्हणाली. तिचं बोलणं अगदी बिनचूक होतं, आणि त्याचंच ओटमारला सगळ्यात वाईट वाटलं.

चुना खरवडून, कुंड उपसून, पाणी पुन्हा आपल्या वळणावर यायला महिना तरी लागणार होता. पाळी सहा दिवसांवर. दाखला आता मिळणार नव्हता. डोंगर उतरताना आफ्रा म्हणाली, "भिंती मात्र छान दिसतात."

ओटमार तसाच, चुन्याच्या पँटीसकट, भट्टीवर गेला. भट्टी सांभाळणारा वेंडेलिन तांब्याची कढई घासत होता. वेंडेलिन बोलायचा कमी. तरुणपणी तो म्युनिककडे बिअरच्या कारखान्यात उमेदवारी करून आला होता आणि त्याबद्दल त्याला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. ओटमारने सगळं सांगितलं. वेंडेलिनने घासणं थांबवलं नाही.

"चुना उरलाय का?" त्याने विचारलं.

"उरलाय? बादलीभर. का?"

"झऱ्यात चुना गेला, पाणी बिघडलं. बरोबर. पण नळाच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली तर ते सुधारतं. त्या पाण्यातला चुना लपून बसलेला असतो. नवा चुना गेला की जुना त्याला चिकटतो, आणि दोघंही तळाला बसतात. वरचं पाणी मऊ. तिकडे आम्ही तसंच करायचो. रात्रभर उघड्या पात्रात ठेवलं की क्लोरीनचा वासही जातो."

ओटमार त्याच्याकडे बघतच राहिला. "हे तू ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंस?"

"तू झऱ्याबद्दल विचारत होतास."

"बरं, किती घालायचं?"

"तीच गोम आहे. कमी पडला तर कडक. मूठभर जास्त झाला तर पुन्हा कडक. तिकडे माप घ्यायला एक साहेब होता, काचेच्या नळ्या घेऊन. इथे..." वेंडेलिनने पहिल्यांदाच मान वर केली. "इथे पाण्याची पारख असलेला एकच माणूस आहे, आणि तो तुझ्या घरी शेगडीजवळ बसलाय."

गावाने आपला निकाल लगेच दिला. म्हाताऱ्याला सांगू नका. पाणी झऱ्याचं आहे असं म्हणा, सही घ्या, मोकळे व्हा. खाटीक, सुतार, शाळामास्तर सगळे एकमताने. खुद्द नगराध्यक्ष म्हणाले, "ओटमार, आयुष्यात एकदा तरी खोटं बोल. शिकायला हरकत नाही."

रविवारी जेवण झाल्यावर ओटमार शेगडीजवळच्या बाकावर सासऱ्यांशेजारी जाऊन बसला. बुर्गल भांडी विसळायचं सोडून दाराआड उभी राहिली.

"बाबा, झऱ्याचं पाणी मिळणार नाही."

"का?"

"आम्ही बिघडवलं." त्याने 'आम्ही' म्हटलं. दाराआड बुर्गलने ते ऐकलं. "नळाचंच पाणी आहे. वेंडेलिन म्हणतो चुन्याच्या निवळीने मऊ होईल. किती घालायची ते आम्हाला कुणालाच कळत नाही. तुम्हाला कळेल. तुम्ही याल का भट्टीवर?"

म्हातारा शेगडीकडे बघत राहिला. "पत्रावर सही तुझी होती."

"होय."

"एकाच टेबलावर जेवतो आपण."

"होय. मी ते तुमच्या हातात द्यायला हवं होतं, बाबा. आणि बसून बोलायला हवं होतं."

"हातात दिलं असतंस तर फाडून शेगडीत घातलं असतं," गालुसबाबा म्हणाले. "पोस्टाने आलं म्हणून जपून ठेवावं लागलं." त्यांनी शेगडीत एक लाकूड सारलं. "आपल्या सेवेची आवश्यकता नाही, म्हणे. एकतीस वर्षं."

"आता आहे," ओटमार म्हणाला. "आवश्यकता."

म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. रुमाल घडी घालून खिशात ठेवायला त्यांना फार वेळ लागला. मग ते घरभर ऐकू जाईल असं ओरडले, "बुर्गल! दाराआड उभी राहू नकोस. कपड्यांचा साबण शोध. तो पिवळा, सुगंधी नव्हे!"

गुरुवारी दुपारी भट्टीतलं मोठं उघडं पात्र नळाच्या पाण्याने भरलं. तीन हजार लिटर. हक्काच्या अठराही घरांतून कुणी ना कुणी आलेलं. गालुसबाबा खुर्चीवर, गुडघ्यांवर टॉवेल, समोर तसराळं, हातात साबणाची वडी. वेंडेलिन निवळी ओतायचा, फळीने ढवळायचा, थोडं निवळलं की लोटाभर पाणी तसराळ्यात. म्हातारा हात भिजवायचा, साबण फिरवायचा, फेस बोटांवर तोलायचा, आणि तसराळं उलटं करायचा.

"फेस नाही, दही. अजून घाल."

पुन्हा. "अजून."

इथे खाटकाने हरकत घेतली. खाटीक कायद्याचा पक्का होता. "एक मिनिट. बिअरमध्ये फक्त पाणी, माल्ट आणि हॉप्सची कडू फुलं. साडेचारशे वर्षांचा शुद्धतेचा कायदा आहे. चुना कुठे बसतो त्यात?"

वेंडेलिनची फळी थांबली. या गावात माणसाने एखादवेळी देवाबद्दल शंका काढली तर चालून गेलं असतं. पण त्या कायद्याबद्दल नाही. सगळ्यांनी ओटमारकडे पाहिलं. शिक्का मारणारा तोच. ओटमारने चष्मा काढून पुसला, कारण खाटकाचं म्हणणं त्याला स्वतःलाच पटू लागलं होतं.

"कुठे बसतो?" गालुसबाबा मान न वळवता म्हणाले. "तळाला बसतो. डोळे आहेत ना तुला? खाली बसलं तो चुना. वर राहिलं ते पाणी. कायदा वरच्याला लागतो. आणि तू गेल्या नाताळात सॉसेजमध्ये काय भरलं होतंस, ते कुठे बसतं तेही सांगू का सगळ्यांना?"

खाटकाने वेंडेलिनच्या हातातली फळी घेतली आणि स्वतःच ढवळू लागला.

सातव्या तसराळ्याला म्हाताऱ्याचे हात थांबले. फेस बोटांवर तसाच उभा राहिला, हलेना, फुटेना. त्यांनी हात धुतला, पुन्हा धुतला, पण साबण काही केल्या सुटेना.

"बस," ते म्हणाले. "आता कुणी हात लावाल तर याद राखा."

शुक्रवारी सकाळी तळाशी पिठासारखा साका बसला होता आणि वर इतकं नितळ पाणी, की पात्राच्या तळातला खिळा दिसत होता. लाकडं पेटली, रस उकळला, आणि संध्याकाळी गालुसबाबांनी भट्टीच्या वहीत सही केली. सही करताना त्यांनी ओटमारला पाठ पुढे करायला लावली आणि वही त्याच्या पाठीवर टेकवली. टेबल दोन हातांवरच होतं.

नाताळाआधीच्या आठवड्यात जीनगरांच्या दारावर तारा लागला. खोली गच्च भरली. पहिला ग्लास म्हाताऱ्याला. त्यांनी फेसाकडे पाहिलं, वास घेतला, एक घोट तोंडात धरला. कुणाचा चमचासुद्धा वाजेना.

"चालेल," गालुसबाबा म्हणाले, आणि ग्लास पुढे केला. "भर."

त्या भागात याहून मोठी स्तुती कुणी करत नाही. ओटमारने ग्लास भरला. घाईत थोडा फेस सांडला, आणि चार जणांनी एकदम त्याबद्दल सल्ला दिला.

गालुसबाबा त्यानंतर सहा हिवाळे जगले. प्रत्येक घराच्या पाळीला त्यांना खुर्चीसकट भट्टीवर नेत. त्यांचा तोंडी हुकूम वेंडेलिन वहीत लिहून ठेवी, आणि पुढे त्याच नोंदींवर गावाने काम चालवलं. वेंडेलिन भट्टीतच म्हातारा झाला. म्युनिकबद्दल मग लोक त्याला विचारू लागले, पण तोवर तो बरंच विसरला होता. खाटकाने एका नाताळात सॉसेजची कृती दुकानाच्या काचेवर लिहून लावली. त्याचं कारण कुणी विचारलं नाही. डॉक्टर फाइट दर डिसेंबरात येत राहिले. सरकारी भेट म्हणायचे, पण सोबत बायको आणि मेहुणी असायची. आफ्राने पासष्टाव्या वर्षी पोस्टमनशी लग्न केलं. ते कधी ठरलं, हे गावात फक्त तिलाच आधी कळलं नव्हतं असं ती सांगायची. बुर्गल अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, अजून पानं स्वतःच वाढते, आणि घराचा हक्क आता तिच्या धाकट्या मुलीच्या नावावर आहे.

ओटमार निवृत्त झाला तेव्हा नगरपालिकेने त्याच्या तीन शिक्क्यांच्या जागी एक यंत्र बसवलं. निवृत्तीचं पत्र त्याने स्वतः तयार केलं आणि सहीसाठी नगराध्यक्षांच्या हातात नेऊन दिलं. शेवटच्या आजारात त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात ठेवलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई नाडी बघून म्हणाल्या, "काळजी करू नका, आजोबा. भरपूर पाणी प्या."

ओटमारने उशीवरून मान उचलली, चष्मा शोधून लावला, आणि विचारलं,

"कुठलं?"